रिकामा हात कोणाचा?



तुम्ही वर्गणी काढून आम्हा दोघांना कर्जतला धाडलंत. शनिवार-रविवार, दोन दिवसांचं कराटे शिबिर. माणशी साडेचार हजार, दोघांचे नऊ हजार. डॉकात ठेकेदाराकडे मी एका पाळीचे आठशे घेतो. म्हणजे माझ्या जवळजवळ अकरा पाळ्या. त्या नऊ हजारांत नाक्यावरच्या चहावाल्याचे पन्नास आहेत आणि चार घरची भांडी घासणाऱ्या मावशीचे वीस आहेत. म्हणून हिशोब द्यायचा. पावत्या खजिनदाराकडे दिल्यात. हा दुसरा हिशोब.

कशाला धाडलंत ते आधी सांगतो, कारण नवीन पोरांना ठाऊक नाही. जानेवारीत आपलं स्वतःचं शिबिर घ्यायचं ठरलंय. त्यावरून आपल्यात दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, त्याच सरांना बोलवा, पोरांना पट्टे द्या, काळे टी-शर्ट छापा, बघा कशी रांग लागते. दुसरा तट म्हणतो, हे लाथाबुक्क्यांचे धंदे बंद करा, बाबासाहेबांनी आपल्या हातात पेन दिलंय. मी दोन्ही तटांशी भांडायला बसलोय. आधी मला स्वतःशीही भांडायचंय. ते पुढं येईल.

शिवडीहून हार्बर, कुर्ल्याला गाडी बदलली, मग कर्जत लोकल. स्टेशनवरून टमटम. नदीच्या कडेला फार्महाऊस, हिरवळ, मागे डोंगर. चाळीसेक माणसं. आयटीतली पोरं, बँकेतल्या दोन मुली, एका बिल्डरचा पोरगा, दोन डॉक्टर. छातीवर चिकटवायला नावाची चिठ्ठी. मी माझं नाव लिहिलं. सर म्हणाले, 'आडनाव पण लिहा.' लिहिलं. वाचलं आणि हसून म्हणाले, 'अरे वा! तुम्ही तर महार रेजिमेंटवाले. तुमच्या रक्तातच आहे.'

माझ्या रक्तात काय आहे ते डॉकाच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला ठाऊक. हिमोग्लोबिन कमी आहे.

पण हे रक्ताचं प्रकरण इथंच मिटवू, कारण आपल्यातलीही काही पोरं हे ऐकून फुगतात. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जातींची वाटणी केली होती, लढाऊ आणि बिनलढाऊ. मार्शल रेस म्हणत. १८१८ च्या १ जानेवारीला कोरेगावात आमचे बाप लढले, तेव्हा ते लढाऊ होते. १८९२ च्या सुमाराला त्याच सरकारनं महारांची भरती बंद केली, तेव्हा ते बिनलढाऊ झाले. रक्त बदललं का? फाईल बदलली. सुभेदार रामजी सकपाळांसारख्या माणसांच्या पोरांना पलटणीचा दरवाजा बंद झाला. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज लिहिला. दाद लागली नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तशी १९१७ साली महारांची पलटण उभी केली, लढाई संपल्यावर १९२१ साली मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा गरज लागली आणि १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा रेटा होता.

तेव्हा 'मार्शल' हा शब्द कुणी पाठीवर थाप मारून वापरला की समजा, सायबाला गरज पडलीय. गरज सरली की फाईल बंद.

आता शिबिराचं सांगतो. पहाटे पाचला शिट्टी. नदीपर्यंत पळणं. उठाबशा, दंड. शहरातली पोरं पंधराव्या दंडाला आडवी. आम्ही दोघं उभे. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढायची सवय असली की दंडाचं काही वाटत नाही. सर म्हणाले, 'बघा, याला म्हणतात फिटनेस.' सायेब, याला फिटनेस म्हणत नाहीत. याला पोट म्हणतात.

मग पहिलं व्याख्यान. 'कराटे म्हणजे रिकामा हात.' अर्थ बरोबर आहे. सर पुढं म्हणाले, ओकिनावाच्या गरीब शेतकऱ्यांची हत्यारं जपानी सामुराईंनी काढून घेतली, म्हणून त्यांनी रिकाम्या हातानं लढायची विद्या काढली. ऐकून मला भरून आलं. वाटलं, ही तर आपलीच गोष्ट. परत आल्यावर वाचनालयात बसून शोधलं. १६०९ साली सात्सुमाच्या सामुराईंनी ओकिनावाचं राज्य जिंकलं, हे खरं. पण ज्यांची नावं या विद्येत मोठी आहेत त्यातले मात्सुमुरा राजाचे अंगरक्षक होते आणि इतोसू दरबारात लेखनिक. विद्या बरीचशी दरबारी माणसांनीच जपली. आधी तिचं नाव लिहीत त्याचा अर्थ 'चिनी हात' असा होता, पुढं तो 'रिकामा हात' केला. फुनाकोशींनी १९२२ साली टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं. पट्ट्यांची पद्धत ज्युदोकडून आली. म्हणजे ज्या पट्ट्यावरून आपली पोरं एकमेकांना मोठं-लहान समजतात तो पट्टा या विद्येचा मूळचा नाहीच. दुकानाचा माल सगळीकडे असाच विकतात, गरिबाचं चित्र छापून.

आणि रिकामा हात कोणाचा हो? माझ्या हातात हूक असतो. आईच्या हातात झाडू होता. माझा आजा बोर्डाच्या यादीतला डॉक कामगार, मी ठेकेदाराच्या वहीतला. तीन पिढ्यांत आमचा हात रिकामा असा राहिलाच नाही. रिकामा राहिला त्या दिवशी चूल पेटली नाही. ज्याचा हात शनिवार-रविवार रिकामा असतो त्यानं साडेचार हजार भरून तो आणखी रिकामा करावा. आमची अडचण उलटी आहे.

पण खोटं बोलणार नाही. शिकलो ते शिकलो. मूठ कशी वळायची ते शिकलो. आजवर मी अंगठा आत घालून मूठ वळत होतो, तशी मारली तर आपलाच अंगठा मोडतो. पहिल्या दोन बोटांच्या हाडांनी मारायचं आणि मनगट सरळ ठेवायचं हे शिकलो. पोटातून ओरडायला शिकलो. बँकेतली एक मुलगी पहिल्या दिवशी ओरडायला लाजत होती, दुसऱ्या दिवशी तिच्या आवाजानं झाडावरची पाखरं उडाली. ते मला आवडलं. आपल्या वस्तीतल्या पोरींना हे यायला पाहिजे असं तेव्हाच मनाशी धरलं.

आणखी एक शिकलो. कुणी मनगट धरलं तर कुठून सोडवायचं? जोर लावून मागं ओढायचं नाही. समोरच्याचा अंगठा आणि बोटं जिथं मिळतात तिथं पकडीला फट असते. चार बोटं एका बाजूला, अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला. त्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवायचा. कितीही दांडगा असला तरी पकड सुटते. सगळी पकड एका अंगठ्यावर असते. हे ध्यानात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता रविवार सकाळ. त्याच्यासाठीच हे सगळं लिहितोय.

चाळीस माणसांचा स्वैपाक, पाणी, झाडलोट करायला जवळच्या वाडीतली कातकरी माणसं होती. एक बाई, तिची सासू आणि तिचं दहा-अकरा वर्षांचं पोरगं. पोरगं हंड्यानं पाणी भरत होतं. हिरवळीवर आमची पहिली काता चाललेली. हेइआन शोदान, एकवीस हालचाली. डावीकडं वळायचं, खालचा फटका अडवायचा, पाऊल पुढं, ठोसा. आम्ही चाळीस जण दोन दिवस तेच घोटत होतो आणि वळताना एकमेकांवर आपटत होतो. आणि कुंपणापलीकडं, हंडा खाली ठेवून, ते पोरगं एकटं तीच काता करत होतं. अनवाणी. चिखलात. निम्म्यापर्यंत बरोबर. आमच्यातल्या कित्येकांपेक्षा बरोबर.

एकानं मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ घेतला. बिल्डरचा पोरगा म्हणाला, 'सर, न्यू ॲडमिशन.' सरांनी बघितलं आणि ओरडले, 'ए, चल पळ! पाणी कोण भरणार?' मग आमच्याकडं वळून म्हणाले, 'एकलव्य व्हायला निघालाय.'

सगळे हसले.

मीही हसलो.

दोस्तांनो, हा तो हिशोब. नऊ हजार रुपये आणि एक हसणं. माझ्याबरोबरचा आपला दोस्त हसला नाही, हेही लिहून ठेवतो. मी हसलो. छातीवर आडनावाची चिठ्ठी लावून, त्या रांगेत उभं राहून, चाळिसांत एक होऊन मला बरं वाटत होतं. कुणीतरी कुंपणाबाहेर आहे आणि ते आपण नाही, हे बरं वाटणं. हा रोग मी पुस्तकात वाचला होता. जातीच्या उतरंडीत प्रत्येक मडक्याला खाली एक मडकं लागतं. माझ्या पोटात तो रोग निघाला. ठोसा मारायला दोन दिवस शिकलो आणि तोंड उघडायची वेळ आली तेव्हा दात दाखवले.

पोरगं हंडा उचलून गेलं.

दुपारी मी मागं गेलो. त्याची आई तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापत होती. पातेलं उतरवायला हात लावला. विचारलं, पोरगं शाळेत जातं का. ती म्हणाली, 'जातंय ना पावसाचं. दिवाळी झाली का आमी भट्टीवर. शेठचा बयाणा घेतलाय.' म्हणजे दिवाळी ते पाऊस वीटभट्टी. दोन दिवसांचे किती मिळणार, विचारलं. दोघींचे मिळून सहाशे. मी म्हणालो, 'पोरगं चांगलं करत होतं.' तिनं माझ्या पांढऱ्या ड्रेसकडं बघितलं आणि भाकरी उलटली. काही बोलली नाही. तिनं का बोलावं?

सरांनी एकलव्याचं नाव घेतलं ते चुकून नाही. या देशात गुरूची गोष्ट म्हणजे हीच गोष्ट. ज्यानं पोराला शिकवलं नाही, उलट स्वतः शिकलेल्या पोराचा अंगठा कापून घेतला, त्याच्या नावानं भारत सरकार १९८५ सालापासून क्रीडा प्रशिक्षकांना पुरस्कार देतं. द्रोणाचार्य पुरस्कार. सगळ्या वाङ्मयातून चांगला शिक्षक म्हणून यांना तोच सापडला. आणि त्यानं अंगठाच का मागितला ते मला कर्जतला कळलं. पकड अंगठ्यावर असते. पाय मागितला नाही, डोळा मागितला नाही. ज्यानं पकडता येतं तेच मागितलं.

तिथं सकाळ-संध्याकाळ सरांच्या पाया पडायचं होतं. कराटेत वाकतात, ते मी नाकारत नाही. पण तिथं दोघं समोरासमोर वाकतात. मी तुला, तू मला. मग लढतात. ही रीत मला पटते. आपल्या लोकांनी त्यातलं एक वाकणं ठेवलं आणि दुसरं काढून टाकलं. मी पाया पडलो नाही, एवढी लाज शिल्लक होती. शेवटी गुरुदक्षिणेचं पाकीट फिरलं, ते पुढं सरकवलं. आणि हे सर आपण जानेवारीत बोलवायचे? आपल्या वर्गणीतून भाडं देऊन आपल्या छातीवर चढवायचे? पहिल्या तटाला माझं एवढंच उत्तर आहे.

नाही, आणखी आहे. पट्ट्यानं काय होतं ते बघू. १९७४ च्या जानेवारीत वरळी पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात वरून दगड आला आणि भागवत जाधव गेला. माळ्यावरून येणारा दगड कुठल्या कातेत अडवतात? १९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. गोळीला कुठला पट्टा अडवतो? २००६ च्या २९ सप्टेंबरला खैरलांजीत जमावानं भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. एकटा ब्लॅक बेल्ट अख्ख्या गावापुढं काय करतो? तोही मरतो. सिनेमात ब्रूस लीवर एकेक जण चालून येतो. आपल्यावर गाव चालून येतं.

आणि माणूस मारल्यावर ते थांबत नाही. खैरलांजीचा खटला चालला तेव्हा कोर्टांनी त्याला जातीचा गुन्हा मानलं नाही. २०१४ साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्ड्याला नितीन आगे मारला गेला, सतरा वर्षांचं पोर. साक्षीदार फिरले आणि २०१७ साली आरोपी सुटले. सांगा, तिथं काय कमी होतं? ठोसा? पिंजऱ्यात उभं राहून नजर न हलवता 'मी बघितलं' म्हणणारं माणूस कमी होतं. आणि त्या माणसाच्या घराबाहेर रात्रभर बसणारे वीस जण कमी होते. मी साक्षीदारांना शिव्या देत नाही. मी कुंपणाच्या आत असून हसलो. त्यांना तर त्याच गावात राहायचं होतं.

आता दुसरा तट. हे आपले वडीलधारे. मी त्यांचा मान ठेवतो, पण बोलतो. ते म्हणतात, बुद्धाचा मार्ग आहे, शरीराच्या माजात पडू नका. दादा, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडा. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा फरक बाबासाहेबांनी स्वतः केलाय. महाडला १९२७ च्या २० मार्चला पाणी प्याल्यावर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. आपल्यात पलटणीतून आलेली माणसं होती, उलटा हात उचलायला तयार. बाबासाहेबांनी थांबवलं. पण कुणाला थांबवता येतं? ज्याला मारता येतं त्याला. ज्याला येत नाही त्यानं हात नाही उचलला, तर त्याला संयम नाही म्हणत.

आणि त्याच काळात समता सैनिक दल उभं राहिलं. सभेची राखण, मोर्च्याची राखण. १९४२ च्या जुलैत नागपूरला मोठी परिषद भरली, तेव्हा त्याच मांडवात बायांची परिषद झाली आणि सैनिक दलाचीही झाली. पेन, बाया आणि काठी, तिन्ही एका मांडवात. तुम्ही त्यातलं पेन तेवढं उचललं आणि बाकीचं घरच्या फोटोमागं ठेवलं. म्हणून आज पोरं मोकळ्या हातानं दुसऱ्यांच्या शाखेत जातात, दुसऱ्यांच्या दहीहंडीत थर लावतात, दुसऱ्यांच्या झेंड्याखाली दगड मारतात आणि केस मात्र आपल्या पोरांवर पडते. पोराच्या अंगात रग असते. तिला तुम्ही काम दिलं नाही तर दुसरा देतो.

तर शिबिर घ्यायचं. जानेवारीतच घ्यायचं. कसं घ्यायचं ते मी मांडतो, बैठकीत ठोका.

१. फी नाही. प्रत्येकानं दोन दिवसांचा शिधा आणायचा. ज्याच्याकडं नाही त्याचा आपण आणायचा.

२. स्वैपाक, पाणी, संडास आपणच करायचं. पाळी लावून. ज्यानं आदल्या दिवशी शिकवलं त्यानं दुसऱ्या दिवशी भांडी घासायची. जागेवर कुणी मजूर नाही.

३. 'सर' नाही. शिकवणारा असेल, पाया पडणं नसेल. वाकायचं तर दोघांनी वाकायचं. पट्टा नाही, चिठ्ठीवर आडनाव नाही.

४. निम्म्या पोरी. त्यांना मागची रांग द्यायची नाही. मनगट सोडवणं, ओरडणं, पडणं आणि उठणं आधी त्यांना.

५. लाठी शिकायची, आणि एकटं लढण्याआधी वीस जणांनी मिळून उभं राहणं शिकायचं. हातात हात अडकवून रांग कशी धरायची. म्हातारी माणसं आणि लेकरं मधे घेऊन मोर्चा मागं कसा न्यायचा. डोकं फुटलं तर रक्त कसं थांबवायचं. धावपळीत कुणी पडलं तर कसं उचलायचं. उचलायचं आम्ही डॉकवाले शिकवू, ते आम्हाला येतं.

६. शनिवारची अख्खी रात्र कायद्याची. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा. त्यातलं कलम ४, काम टाळणाऱ्या अधिकाऱ्याचं. स्वसंरक्षणाचा हक्क, नव्या न्याय संहितेत कलम ३४ ते ४४. किती मारलं तर संरक्षण आणि किती मारलं तर गुन्हा, हे ठोसा मारण्याआधी समजलं पाहिजे. फिर्याद कशी लिहायची, कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर कसा घ्यायला लावायचा, प्रत कशी मागायची. प्रत्येकानं एकदा फिर्यादी व्हायचं, एकदा फौजदार व्हायचं.

७. रविवारी सकाळी प्रत्येकानं साक्षीदार व्हायचं. समोर दोघा जणांनी वकील होऊन अर्धा तास उलटतपासणी घ्यायची, घाबरवायचं, आई-बहिणीचं नाव काढायचं. तरी साक्ष बदलायची नाही. याला मी काता म्हणतो.

८. कुंपण घालायचं नाही. ज्या वाडीजवळ शिबिर असेल तिथली पोरं आली तर पहिल्या रांगेत.

हे मी कर्जतच्या त्या वाडीजवळच घेऊ म्हणतो. पण एक अडचण आहे. जानेवारीत ते पोरगं तिथं नसेल, कुठल्यातरी भट्टीवर विटा उलट्या करत असेल. तेव्हा आधी दिवाळीच्या आत आपल्यातले चार जण वाडीत जाऊ. शिकवायला नाही. ती पोरं भट्टीवर गेल्यावर त्यांची शाळा बुडते, तिचं काय करता येतं ते त्यांच्याच आया-बापांना विचारायला. वाडीवर पाव्हण्यासारखं जायचं, उपकार करायला नाही. मी जाणार आहे. पांढरा ड्रेस न घालता. भेटलं तर पोराला सांगणार आहे की मी त्या दिवशी हसलो होतो.

काही जण म्हणतील, यात कराटे कुठं राहिलं? राहिलं. सकाळचे दोन तास. मूठ नीट वळली पाहिजे, ते मी शिकवीन. अंगठा बाहेर ठेवायचा, बोटांवर घट्ट. अंगठा आपला आपल्याकडं असला पाहिजे.

नऊ हजारांचा हिशोब संपला. पटला नाही तर बैठकीत या, भांडा. पण येताना हात रिकामा ठेवू नका. वही आणा.

जयभीम.